चाचणी मोफत, अडते खिडकीपाशी

सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते, अहवाल गुप्त राहतो, औषधेही फुकट मिळतात. तरीही अनेक तृतीयपंथी तिथे जायचे टाळतात. अडते ते केसपेपरच्या खिडकीपाशी. उभे कुठल्या रांगेत राहायचे? त्यात आधारकार्डावरचे जुने नाव सगळ्यांदेखत पुकारले जाते. नावाऐवजी टोकन क्रमांक पुकारायला काही वेगळा निधी लागत नाही! ‘नॅको’च्या २०२१च्या आकड्यांनुसार देशातील प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के, तर तृतीयपंथीयांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास आहे.

खिडकी ओलांडली तरी गुदमार्गाची तपासणी राहून जाते, कारण डॉक्टरच विचारायला संकोचतात. तिथला गनोरिया बहुधा त्रास देत नाही, एचआयव्हीला मात्र वाट करून देतो. लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. नमुना तिथूनच घ्यावा लागतो.