रोजची गाडी आणि मागची ट्रॉली

गंगापूर रोडवरील आमच्या परिचयाच्या कित्येक कुटुंबांची स्थिति हल्लीं मोठी चमत्कारिक झाली आहे. राहणें शहरांत, मुलांच्या शाळा व महाविद्यालयें शहरांत. पण वडिलोपार्जित म्हणा किंवा निवृत्तीनंतर हौसेनें घेतलेला म्हणा, दोन-चार एकरांचा तुकडा मात्र गंगापूर गांव ओलांडून पलीकडे, गिरणाऱ्याच्या बाजूस. आठवड्याचे सहा दिवस घरांतील मोटार माणसें वाहते. सातव्या दिवशीं तिनेंच खत, पाण्याची टाकी, द्राक्षांचे क्रेट आणि छाटणीची काडी वाहावी, अशी घरांतील कोणातरी उत्साही गृहस्थाची इच्छा असते. अंगणांत दोन वाहनांस जागा नसते, आणि जागा असलीच तर पैसा नसतो. मग "रोजचीही होईल आणि मागें ट्रॉलीही ओढील अशी एकच गाडी घेऊं" असा ठराव रात्रीच्या पंक्तीस मांडला जातो. अशाच आशयाचीं पत्रें एकाहून अधिक वाचकांकडून आलीं, म्हणून हा विषय या महिन्यांत घेत आहों.

बहुतेकांनीं विचारलें आहे तें हें कीं, किती अश्वशक्तीची गाडी घ्यावी? आमच्या मतें प्रश्नाचा आरंभच चुकला आहे. ओढणें हें काम लोकांस वाटतें तितकें बिकट नाहीं. सपाट डांबरी रस्त्यावर, चाकांत हवा नीट असेल तर, टनभर भरलेली ट्रॉली चार धट्टेकट्टे गडी हातांनीं ढकलीत नेऊं शकतात. त्यांची अश्वशक्ति कोणी मोजीत नाहीं. बिकट आहे तें ती ट्रॉली थांबविणें, वळविणें आणि उतारावर आवरून धरणें. त्याच चार गड्यांना ती उतारावर आवरावयास सांगा, म्हणजे फरक ध्यानांत येईल. चालत्या वस्तूच्या अंगचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें मॅट्रिकच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. म्हणजे ताशीं ४० किलोमीटरनें जाणारी ट्रॉली थांबविण्यास जेवढी शक्ति खर्चावी लागते, तिच्या सव्वादोन पट शक्ति ताशीं ६० किलोमीटरला लागते. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील तर हा सारा जोर पुढील गाडीच्या ब्रेकांवर आणि पाठीवर येतो. त्या पाठीस लागून, मागच्या बांकावर, घरांतील मुलें बसलेलीं असतात.

आगगाडीवाल्यांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली. कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारा थळ घाट ३७ फुटांस एक फूट या मानानें चढतो. १८६५ सालीं हा मार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला. चढतांना अनेक गाड्यांस मागें जादा इंजिनें लावितात, हें नाशिकच्या लहान मुलांसही माहीत असतें, कारण त्यासाठीं गाडी कसाऱ्यास थांबते. उतरतांनाची व्यवस्था मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. उतारावर एखाद्या गाडीचा वेग आटोक्याबाहेर गेलाच, तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढत्या, आंधळ्या फांट्यावर घालण्याची सोय तेथें आहे. त्या फांट्यास कॅच सायडिंग म्हणतात. चढण्यास जादा इंजिन पुरलें. उतरण्यासाठीं वेगळे रूळ टाकावे लागले! शिवाय डब्याडब्यास स्वतंत्र ब्रेक असतात तें वेगळेंच.

ट्रॉलीचेंही असेंच आहे. युरोपांत ७५० किलोपर्यंतच्या ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्याहून जड असेल तर ते असावेच लागतात. ऑस्ट्रेलियांत मर्यादा हीच, आणि वजन दोन टनांपलीकडे गेलें तर सर्व चाकांस ब्रेक हवेत व ट्रॉली निसटल्यास ते आपोआप लागावेत अशीही तेथें सक्ति आहे. आपल्याकडे शेतीच्या ट्रॉल्यांत ब्रेक असलेली ट्रॉली विरळाच. तेव्हां बिनब्रेकाच्या ट्रॉलीचें मालासह वजन पाऊण टनावर जाऊं देऊं नये, आणि हलकी गाडी असेल तर तेवढेंही नको. इंग्लंडचा कायदा अशा ट्रॉलीस पुढील गाडीच्या निम्म्या वजनापलीकडे किंवा ७५० किलोपलीकडे, जें कमी असेल त्यापलीकडे, जाऊं देत नाहीं. हा हिशेब आपल्या अंगणांत करून पाहावा. नऊशें किलोची लहान मोटार असेल तर ट्रॉलीसह ओझें साडेचारशें किलो. ट्रॉलीच दोनशें किलोची धरली तर मालास उरले अडीचशें, म्हणजे वीस किलोचे द्राक्षांचे बारा क्रेट. बारा क्रेटांसाठीं ट्रॉली कशाला? ते दोन खेपांत डिकींत जातील. सोळाशें किलोची भक्कम गाडी असेल तर मर्यादा साडेसातशें. अडीचशें किलोची ट्रॉली वजा जातां पंचवीस क्रेट. येथें ट्रॉलीला कांहीं अर्थ येतो.

दुसरी गोष्ट ओझ्याच्या मांडणीची. आमच्या वयाच्या लोकांनीं बैलगाडी भरतांना पाहिली आहे. मागें ओझें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते, पुढची दांडी वर उचलली जाते आणि जूं बैलांच्या मानेवरून सुटूं पाहतें. पुढें अधिक झालें तर सारा भार मानेवर येऊन बैल वाकतात. जाणता गाडीवान ओझें आंसाच्या किंचित् पुढें ठेवी आणि दांडी हातानें उचलून पाहून मगच बैल जुंपी. संस्कृतांत बैलास अनडुह् म्हणतात. अनस् म्हणजे गाडा, आणि तो वाहणारा तो हा. सभेच्या अध्यक्षांस आपण 'धुरंधर' म्हणतों तो शब्दही मूळचा जुवाखालीं मान देणाऱ्या जनावराचाच. अध्यक्षमहाशयांस हें ठाऊक नसतें हें बरेंच आहे. पण हें विषयांतर झालें.

मोटारीच्या ट्रॉलीस गाडीवानाचाच नियम लागू पडतो. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा जोडाच्या गोळ्यावर पडावा. तो फार कमी पडला तर वेग वाढतांच ट्रॉली शेपटासारखी डोलूं लागते, आणि पुढील गाडीसही डोलविते. अशा वेळीं घाबरून करकचून ब्रेक दाबूं नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावें आणि वेग आपोआप उतरूं द्यावा. हा दहावा हिस्सा गाडीच्या स्वतःच्या ओझ्यांत धरावयाचा असतो, हें पुष्कळजण विसरतात. सातशें किलोची ट्रॉली म्हणजे गोळ्यावर सत्तर किलो, म्हणजे डिकीबाहेर एक माणूस उभा केल्यासारखें. आंत सात माणसें, टपावर सामान आणि मागें ट्रॉली हा थाट कोणत्याही घरगुती गाडीस सोसणारा नाहीं. ट्रॉली जोडली असेल त्या दिवशीं चालविणारा व फार तर एक मदतनीस एवढेच गाडींत बसावे. बाकीच्यांनीं बसनें यावें. मुलांना तर बसच अधिक आवडते. पाण्याची टाकी असेल तर ती पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी. अर्ध्या टाकींतील पाणी ब्रेक लागतांच पुढें धांवतें, वळणावर एका अंगास जातें, आणि मग दहाव्या हिश्शाचा सारा हिशेब फुकट जातो. पांचशें लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, हेंही ध्यानांत असावें.

आतां गाडीविषयीं. शिडीसारख्या लोखंडी चासीवर पेटी बसविलेली गाडी या कामास बरी, कारण ओढीचा ताण ती चासी घेते. जिच्यांत पत्र्याची पेटी हीच चौकट असते अशा लहान मोटारीस जोड बसवावयाचा कोठें हाच प्रश्न पडतो. आपल्या नाशिकांतच तयार होणारी बोलेरो ही पहिल्या जातीची. तिचें इंजिन अवघें ७५ अश्वशक्तीचें, पण २१० न्यूटन-मीटरचा पीळ तें थोड्या फेऱ्यांतच देतें, आणि भरल्या ट्रॉलीसह जागेवरून हलावयास हाच पीळ कामास येतो. आम्ही कोणाची जाहिरात करीत नाहीं. अश्वशक्तीच्या आंकड्यावर भाळूं नये यासाठीं हें उदाहरण दिलें. गाडी स्वतः जड असावी, पुढल्या व मागल्या चाकांतील अंतर लांब असावें, आणि मागल्या चाकांपासून गोळा जितका जवळ तितका बरा. गिअर हातानें बदलावयाचे असले तर उतारावर खालचा गिअर धरून इंजिनाकडून वेग आवरतां येतो. विजेच्या गाड्यांत पीळ भरपूर असतो, पण ट्रॉली लावल्यावर एका चार्जमधील पल्ला बराच घटतो.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे गाडीबरोबर मिळणारें पुस्तक. ट्रॉली ओढण्याची परवानगी व वजनाची मर्यादा त्यांत स्पष्ट लिहिलेली असेल तरच पुढें जावें. आपल्याकडील कित्येक गाड्यांच्या पुस्तकांत याविषयीं एक अक्षर नसतें. मौन हें संमतीचें लक्षण मानण्याची आपल्यांत चाल आहे; ती लग्नकार्यांत चालेल, येथें चालवूं नये. कंपनीला लेखी विचारावें व लेखी उत्तर घ्यावें. दुकानदाराचें "सगळे लावतात, साहेब" हें उत्तर जमेस धरूं नये. परदेशचे आंकडेही येथें जसेच्या तसे लावूं नयेत. महिंद्राच्याच स्कॉर्पिओस ऑस्ट्रेलियांत अडीच हजार किलोची ट्रॉली ओढण्याची मुभा आहे, हें एका तरुण वाचकानें आम्हांस मोठ्या अभिमानानें कळविलें. तें खरें आहे. पण ती मुभा ब्रेक असलेल्या ट्रॉलीची आहे. तो आंकडा गिरणाऱ्याच्या रस्त्यावरील बिनब्रेकाच्या ट्रॉलीस लावणें म्हणजे दुसऱ्याच्या कुंडलीवरून आपलें भविष्य सांगणें होय.

जोड गल्लींतील वेल्डरकडून बनवून घेण्याची पद्धति तर सर्वस्वीं त्याज्य. गोळ्याचें माप ५० मिलिमीटर असतें. अमेरिकी मापाचा गोळा दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्यांस फरक दिसत नाहीं, पण दोन इंची टोपी ५० च्या गोळ्यावर ढिली बसते आणि खड्ड्यांत उडण्याचा संभव राहतो. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांची वाण नाहीं. म्हणून टोपी, गोळा आणि खालून दोन साखळ्या हें सर्व जोडीचें असावें. कायद्याची बाजूही पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र करावी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रॉलीवर लावल्यावांचून ती रस्त्यावर नेतां येत नाहीं. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडींत मूळच्या नमुन्याहून वेगळे फेरफार करण्यास बंदी आहे, व सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं त्या बंदीचा कडक अर्थ लावलेला आहे. तेव्हां जोड बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाकडून खुलासा करून घेणें इष्ट. विमापत्रांतही ट्रॉलीचा उल्लेख असावा. अपघात झाल्यावर तो शोधूं लागणें व्यर्थ आहे.

पाऊण टनाहून अधिक माल असेल तर काय करावें? भाड्यानें ट्रॅक्टर सांगावा. ऐन हंगामांत, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, तो आधीं सांगून ठेवावा लागतो एवढेंच. वर्षांतून पंधरा-वीस खेपांसाठीं रोजच्या गाडीचा क्लच व ब्रेक झिजविण्यापेक्षां हें स्वस्त पडतें, हें घरच्या जमाखर्चाच्या वहींत मांडून पाहावें. ट्रॅक्टरवाल्यासही दोन गोष्टी विचाराव्या. एक, ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या जोडांत आहे ना. कारण ती उंच अडकविली तर चढावर पुढचीं चाकें उचलून ट्रॅक्टर मागें उलटण्याचें भय असतें. दुसरी, ट्रॉलीच्या मागें लाल दिवे किंवा निदान चकाकणाऱ्या पट्ट्या आहेत कीं नाहींत. रात्रीं रस्त्याकडेस उभी असलेली उसाची काळोखी ट्रॉली मागून येणाऱ्यास अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं, आणि निफाडच्या बाजूस ऊस चालू असतांना ज्यांना रात्रीं प्रवास करावा लागतो त्यांस याविषयीं अधिक सांगावयास नको.

एक गोष्ट खास एकत्र कुटुंबासाठीं. आपल्या घरांत गाडीची किल्ली एका खुंटीवर असते. थोरल्या मुलानें सकाळीं नेली, धाकट्या सुनेनें दुपारीं, पुतण्यानें संध्याकाळीं. ही चाल चांगली आहे, पण ट्रॉलीच्या बाबतींत घातक आहे. ट्रॉलीसह गाडी मागें घेणें ही स्वतंत्र विद्या आहे; स्टिअरिंग उजवीकडे फिरविलें कीं ट्रॉली डावीकडे जाते, आणि जरा अति झालें कीं ती गाडीशीं काटकोनांत दुमडते. ज्यानें रिकाम्या मैदानावर चार-सहा सकाळीं याचा सराव केला नाहीं, त्यानें जेहान सर्कलच्या गर्दींत ट्रॉली नेऊं नये. आमच्या शेजारच्या एका घरांत यावर नामी तोड काढली आहे. गाडीची किल्ली खुंटीवरच आहे. पण ट्रॉलीच्या जोडाला कुलूप घातलें असून त्याची किल्ली थोरल्या काकूंकडे, देवघराच्या फडताळांत असते. ती मागावयास येणाऱ्यानें वजनकाट्याची त्या दिवसाची पावती दाखवावयाची. पावतीवर साडेसातशेंच्या वर आंकडा दिसला, तर काकू चष्मा काढून ठेवतात आणि चार क्रेट उतरवून यावयास सांगतात.