रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणून आजार मनाचा?

डेंग्यू, कोविड किंवा साधा फ्लू. ताप आठवड्यात उतरला, पण सहा महिने झाले तरी तुम्हाला जिना चढवत नाही. आंघोळ करून आलात की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, छातीचा एक्स-रे काढला, सगळं नॉर्मल. मग डॉक्टर म्हणतात, "काही नाही हो, मनावर घेऊ नका. रोज चालायला जा, अंतर थोडं थोडं वाढवा." घरचेही मान डोलावतात. त्यांना हे आधीपासूनच ठाऊक असतं!

हा सल्ला मीही बरीच वर्षं दिला आहे. आज तो मला चुकीचा वाटतो, आणि काही रुग्णांच्या बाबतीत चक्क अपायकारक.

विषाणूसंसर्गानंतरचा थकवा बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप जातो. काहींना मात्र एमई/सीएफएस नावाचा आजार जडतो. त्याची मुख्य खूण म्हणजे श्रमानंतर कोसळणं. आज बाजारात जाऊन आलात, जमलं. उद्या-परवा अंथरुणातून उठवत नाही, डोकं चालत नाही, अंग ठणकतं, आणि हे कित्येक दिवस टिकतं. झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. नैराश्यात माणसाला सहसा काही करावंसंच वाटत नाही. इथे करावंसं खूप वाटतं, शरीर साथ देत नाही. (दोन्ही एकत्रही असू शकतात. वर्षभर अंथरुणात काढल्यावर कोण आनंदी राहील?)

अशा रुग्णांना मनोरुग्ण ठरवण्याची खोड जुनीच. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळपास ३०० जण, बहुतेक तिथलेच कर्मचारी, अशा आजाराने पडले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद वाचून तो सामूहिक उन्माद ठरवला. रुग्ण तपासले नाहीत. त्यांच्या कारणांपैकी एक असं, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या!

पुढे सिद्धांत आला तो असा: श्रमाची भीती बसल्याने रुग्ण हालचाल टाळतो, त्याने शरीर ढिलं पडतं, म्हणून भीती काढा आणि व्यायाम वाढवत न्या. त्यासाठी ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर 'पेस' नावाची मोठी चाचणी झाली. २०११ पासून तिचे निकाल छापून आले आणि या उपचारांनी सुमारे २२ टक्के रुग्ण बरे होतात असं सांगितलं गेलं.

आता गंमत पाहा. शारीरिक क्षमतेला १०० पैकी गुण होते. चाचणीत घ्यायला ६५ किंवा त्याहून कमी गुण हवेत. बरं झालो म्हणायला मूळ आराखड्यात ८५ लागत होते. नंतर ते ६० केले. म्हणजे ६५ वरून ६० वर घसरलेला रुग्णही त्या निकषावर 'बरा'. नापास ठरवायला ६५ आणि पास करायला ६०, असं बोर्ड तुम्ही कुठे पाहिलंय?

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहिती अधिकाराखाली आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते बाहेर आले. मूळ निकष लावल्यावर बरे झालेले निघाले समुपदेशनाच्या गटात ७ टक्के, व्यायामाच्या गटात ४ टक्के आणि नुसत्या वैद्यकीय देखरेखीच्या गटात ३ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्याच 'नाइस' संस्थेने ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारात देऊ नका असं लिहिलं. समुपदेशन आधारासाठी द्या, आजार बरा करणारा उपचार म्हणून नको. मनाला नवं वळण लावून बरं करतो म्हणणारी 'लाइटनिंग प्रोसेस'ही देऊ नका, असं नाव घेऊन सांगितलं.

२०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये दीर्घ कोविडच्या रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर स्नायूचा तुकडा तपासला. श्रमानंतर स्नायूंतले बिघाड वाढलेले दिसले. तुमच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये हे कुठून दिसणार?

ध्यान, शवासन, समुपदेशन यांच्याशी माझं भांडण नाही. मी स्वतः सुचवतो. कर्करोगाच्या रुग्णालाही समुपदेशनाने आधार मिळतो, पण त्याची गाठ मनातली आहे असं कोणी म्हणत नाही. माझा राग आहे तो पैसे घेऊन 'मेंदू सुधारून पूर्ण बरं करतो' असं सांगणाऱ्यांवर. गुण आला तर त्यांच्या पद्धतीचा, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी पडली. म्हणजे हरायची सोयच नाही.

तेव्हा आधी रक्तक्षय, मधुमेह, क्षयरोग, बी-१२ ची कमतरता, झोपेतला श्वासाचा त्रास हे सगळं नीट तपासून घ्या. यांतलं बरंच काही औषधाने सुधारतं. आणि श्रमानंतर कोसळण्याची खूण जुळत असेल तर दमण्याआधी थांबायला शिका. स्टुलावर बसून आंघोळ करा, भाजी बसून चिरा. बरं वाटलं त्या दिवशी घर आवरायला काढू नका. काय केल्यावर कोसळलात ते पंधरा दिवस वहीत लिहा आणि ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.