सही न केलेला जामीनदार

परवा बऱ्याच वर्षांनी सुरगाण्याला जाणे झाले. बँकेत असताना त्या भागात नोकरीची काही वर्षे काढली होती. गुजरातच्या सीमेवरचा हा डोंगरी तालुका. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी यांची. मुसलमानांची घरे मोजकीच. त्यांतल्याच एकाच्या किराणा दुकानात शिरलो. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मी वडिलांचे बोट धरून बँकेत येताना पाहिले होते.

चहा झाला, जुन्या आठवणी निघाल्या. मग त्याने हळूच विचारले, "साहेब, पोराच्या हातात फोन द्यावा की काढून घ्यावा?"

"अरे, माझा मुलगाही मला हेच विचारतो," मी म्हटले.

तो हसला नाही. "नातवाच्या फोनमध्ये काय येईल, याची तुम्हांला काळजी. मला तीही आहे. पण माझ्या पोराच्या फोनमधून बाहेर काय जाईल, याची जास्त आहे. नववीतलं पोर ते. काय टाकेल, आणि कोण त्याचा काय अर्थ लावील?"

परतीच्या एस.टी.त हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याची भीती हवेतली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिले होते, दुसरीने त्याला नुसती पसंती दिली होती. लिहिणारी मुसलमान. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या ६६ अ कलमाखाली ही कारवाई झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. पण मोडतोड व्हायची ती होऊन गेली होती. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेवरून पुणे तापले असताना हडपसरला जमावाने एका तरुण मुसलमान संगणक अभियंत्याचा जीव घेतला. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. स्टेटस ठेवल्याच्या संशयितांत अल्पवयीन मुले होती.

बँकेत कर्जाला जामीनदार लागतो. त्याला अटी समजावून सांगाव्या लागतात, मगच तो सही करतो. इथे मात्र मुलाच्या एका बोटाच्या चुकीला घर, दुकान, गल्ली असे सगळेच जामीनदार. सही कुणाचीच नाही, आणि वसुली कुणाकडून होईल याचा नेम नाही.

त्याची मुलगी बारावीला आहे. तिच्याबद्दल तो एवढेच म्हणाला, "तिला सांगितलंय, फोटो कुठेच टाकायचा नाही." मला जानेवारी २०२२ आठवला. मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे परस्पर उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडणारे 'बुल्ली बाई' नावाचे अॅप तेव्हा उघडकीस आले. मुंबई पोलिसांनी धरलेल्यांत १८ वर्षांची एक मुलगी होती, २१ वर्षांचा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी होता. तीही कुणाची तरी मुलेच. दार लावून अभ्यास चालला आहे, असेच त्यांच्या घरच्यांना वाटत असणार. त्यांच्यापायी त्यांच्या गल्लीला, समाजाला कुणी जबाब विचारला नाही, आणि ते योग्यच झाले. सुरगाण्याच्या या बापाला याहून वेगळे काय हवे आहे?

फोन काढून घेणे हा उपाय नव्हे. कोरोनाच्या काळापासून शाळा फोनमध्ये शिरली ती शिरलीच. शिवाय घरातला फोन काढला जातो तो आधी मुलीच्या हातातून. धाकाने मुले सुधारत नाहीत, लपवायला शिकतात. मी त्याला सांगितले, "दोघांनाही एकदा समोर बसव. म्हणावं, चूक झाली किंवा कुणी त्रास दिला तर पहिल्यांदा मला सांगायचं, मी मारणार नाही. कुणी फोटोचा गैरवापर केला, धमकावलं, तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर भिंतीवर लिहून ठेव."

त्याने ते लिहून घेतले. मग म्हणाला, "मी मारणार नाही, साहेब. पण बाकीच्यांचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते त्याच्या घरात नाहीच. ते आपल्या घरांत आहे. ओळखीच्या मुलाचे काही आक्षेपार्ह दिसले, तर त्याचे चित्र दहा गटांत धाडायचे, की त्याच्या बापाच्या दुकानाची पायरी चढून "हे बघ बाबा, पोराला सांग" म्हणायचे, हे आपणच ठरवतो. खरोखर गुन्हा असेल तर पोलीस आहेत, आणि मुलांसाठी वेगळा कायदाही आहे.

या दुकानदाराच्या वडिलांनी एकदा एका आदिवासी शेतकऱ्याच्या बैलजोडीच्या कर्जाला जामीन दिला होता. नियमाप्रमाणे मी अटी वाचून दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "वाचा हवं तर साहेब," ते म्हणाले, "पण मी कागदाला नाही, माणसाला ओळखतो."

त्या शेतकऱ्याने कर्ज वेळेवर फेडले होते.