बिननावाच्या आवाजाचा हक्क

वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनसाठी पोरांची रीघ लागते. तिथून यारी रोड, लोखंडवालापर्यंतच्या टापूत डबिंगचे छोटे-मोठे स्टुडिओ आहेत. जाड काचेमागे हेडफोन लावून, पडद्यावरच्या ओठांशी ओठ जुळवत एखादी बाई सकाळी आजी होते, दुपारी शाळकरी पोर आणि संध्याकाळी बाजारातली गर्दी. पात्र धापा टाकते, तिथे तिलाही धाप लागते. जाताना ती व्हाउचरवर सही करते. आवाज ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ वापरण्याची परवानगी त्याच कागदावर छापलेली असली, तर ती वाचायला कोण थांबते? पूर्वी त्या शब्दांचा अर्थ मालिका पुन्हा दाखवणे एवढाच होता. आता तेवढ्या नमुन्यावरून यंत्र तिचा आवाज उचलते आणि तिने कधीच न उच्चारलेली वाक्ये तिच्याच आवाजात बोलू लागते.

नामवंतांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ठाम भूमिका घेतली, हे नि:संशय स्वागतार्ह आहे. २६ जुलै २०२४ रोजी न्या. रियाझ छागला यांनी अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांना अंतरिम मनाई केली. २०२५ च्या सप्टेंबरात आशा भोसले यांनाही न्या. आरिफ डॉक्टर यांच्याकडून असेच संरक्षण मिळाले. पण या निकालांचा आधार प्रसिद्धी हा आहे. आवाज ऐकताच नाव आठवते, म्हणून तो त्या व्यक्तीच्या मालकीचा. मग ज्या आवाजामागचे नाव कुणालाच ठाऊक नाही, त्याने कुठे जायचे?

कायदा इथे नुसता अपुरा नाही, तो अन्यायकारक आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटात ज्याचे काम किरकोळ आहे आणि धंद्याच्या रिवाजाने ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला ‘कलाकार’ मानलेच जात नाही. आपल्या कामाची विकृती झाली तर दाद मागण्यापुरताच तो कलाकार. श्रेय देणे निर्मात्याच्या हाती आणि श्रेय नाही म्हणून हक्क नाही! गर्दीतले आवाज देऊन पोट भरणाऱ्यांवर ही तरतूद थेट घाव घालते.

केंद्राने १० फेब्रुवारी २०२६ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत केलेल्या दुरुस्तीने कृत्रिम दृश्य-आवाजावर ठळक खूण सक्तीची झाली. प्रेक्षकाची फसवणूक त्याने रोखली जाईल. पण ज्याचा आवाज वापरला, त्याची संमती आणि मोबदला यांचे काय? अमेरिकेत हॉलिवूडच्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, तेव्हा डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि पैसे यांची कलमे करारात आली. आपल्याकडे रोजंदारीवर जगणाऱ्या कलाकाराला इतके दिवस घरी बसणे परवडणारे नाही. म्हणूनच हे काम कायद्याने करायला हवे.

आमची मागणी स्पष्ट आहे. एआयसाठी आवाज वापरायचा तर त्याचा करार वेगळा हवा, कलाकाराला समजणाऱ्या भाषेत हवा आणि त्यात कामाचा हेतू, मुदत व दर लिहिलेला हवा. डबिंगच्या व्हाउचरवरची सही म्हणजे यंत्राला दिलेली संमती नव्हे, असे संसदेने कॉपीराइट कायद्यात लिहावे आणि श्रेयनामावलीची ती अट काढून टाकावी. महाराष्ट्रातील खासदारांनी यासाठी पुढाकार घ्यावा. हे कलाकार त्यांचेच मतदार आहेत.