घर सांभाळून!

परवा मंडळाच्या गणपतीत एका वहिनींचा सत्कार झाला. दोन मुलं, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि बेचाळिसाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंगची पदवी. अध्यक्ष म्हणाले, "घर सांभाळून शिकल्या हो!" टाळ्या. मीही वाजवल्या. परतताना गाडीत बायको म्हणाली, "तू एमबीए केलंस तेव्हा असं कुणी म्हटलं नव्हतं."

खरंच की! मी नोकरी करत संध्याकाळचं एमबीए केलं. फी कंपनीने भरली. शनिवारी घरात "बाबांचा अभ्यास चाललाय, आवाज करू नका" अशी ताकीद असे. घर सांभाळायचा प्रश्नच आला नाही. ते आपोआप सांभाळलं जात होतं म्हणे.

२०११ मध्ये बायकोने कॉलेजात नाव घातलं तेव्हा ती एच-४ वर होती. या व्हिसावर शिकता येतं, पण केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत मिळत नाही. नोकरीला तर २०१५ पर्यंत सरसकट बंदी होती. त्यानंतरही परवाना मिळाला तो जोडीदाराचं ग्रीनकार्ड ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेल्यांनाच. त्यामुळे माझी फी ही 'गुंतवणूक' आणि तिची फी हा 'खर्च'! अ‍ॅनाटॉमीच्या परीक्षेच्या दिवशी मुलीला ताप आला. डे-केअरचा फोन मलाही आला होता. मी मीटिंगमध्ये होतो, उचलला नाही. ती अर्ध्या वाटेतून परत फिरली. त्या सेमिस्टरला तिने विषय सोडला, ट्रान्स्क्रिप्टवर 'डब्ल्यू' लागला. नाव तिचं, पण तो 'डब्ल्यू' माझा आहे.

त्याच गणपतीत मुलांनी आनंदीबाई जोशींवर नाटुकलंही केलं. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई आपल्या फार लाडक्या. का नसाव्यात? त्यांच्यासाठी आपल्याला भांडी घासावी लागत नाहीत.

कुणी म्हणेल, "अहो, आम्ही अडवतो कुठे? शिक म्हणतो की!" पण परवानगी देणारे आपण कोण? आणि परवानगीने अभ्यास होत नाही. तो संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात होतो. त्या वेळात पोळ्या कोण करतं, आईच्या गोळ्या कोण देतं, मुलांचा गृहपाठ कोण घेतं, एवढाच प्रश्न आहे. पोटलकची भाजीसुद्धा तिनेच करायची आणि वर "कशी गं जमवतेस!" हे ऐकून घ्यायचं. हे कौतुक नाही, मंडळी. आपण काही करणार नाही याची ती गोड शब्दांत दिलेली नोटीस आहे.

पुढच्या सत्काराला एक करा. शाल-श्रीफळ बाईंनाच द्या, पण माइक नवऱ्याच्या हातात देऊन विचारा, "या तीन वर्षांत तुम्ही काय सांभाळलंत?"

मला विचारलं असतं तर मी खाली बघितलं असतं.