उपयोग विचारण्याची घाई

सोन्याचा मुलामा दिलेला एक गोळा, व्यास जेमतेम मिलिमीटरचा पंचविसावा भाग. समोर काचेच्याच जातीची सिलिकाची चकती. दोन्ही ब्रोमोबेंझीन या द्रवात बुडलेली. अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्याही आत आले की दोन्ही एकमेकांना लोटू लागतात. चकतीवर सोने चढवले, तर त्याच द्रवात तोच गोळा तिच्याकडे ओढला जातो! जेरेमी मंडे, फेडेरिको कपासो आणि एड्रियन पार्सेजियन यांनी २००९ मध्ये 'नेचर'मध्ये हे मोजमाप प्रसिद्ध केले. लोटणारे बल न्यूटनच्या अब्जांश भागाहूनही कमी होते.

याचे मूळ पुंजभौतिकीत आहे. पूर्ण निर्वातातही विद्युतचुंबकीय क्षेत्राची थरथर थांबत नाही आणि तिच्यामुळे जवळचे पृष्ठभाग सहसा एकमेकांना खेचतात. पण इथे सोन्याची ओढ सिलिकापेक्षा द्रवाकडे जास्त. त्यामुळे द्रव मध्ये शिरतो आणि घन वस्तू बाजूला सारल्या जातात.

सोव्हिएत शास्त्रज्ञ द्झ्यालोशिन्स्की, लिफ्शिट्झ आणि पिताएव्स्की यांनी हे गणित १९६१ मध्येच मांडले होते. भांड्याच्या भिंतीवर द्रवरूप हेलियमचा पातळ थर का चढतो, हेही त्यातून उलगडते. इतक्या अंतरावरचे हे लोटणे मोजायला मात्र ४८ वर्षे गेली.

त्याआधीची गोष्टही बोलकी आहे. हेंड्रिक कासिमिर नेदरलँड्समधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. द्रवात तरंगणाऱ्या कणांमधली ओढ लांबवर अपेक्षेपेक्षा कमी का पडते, हा त्यांच्या सहकाऱ्यांचा साधा, कामाचा प्रश्न. त्याचा माग काढताना कासिमिर १९४८ मध्ये थेट निर्वातातल्या बलापर्यंत पोहोचले. एका कंपनीने ही मोकळीक दिली, हे विसरता कामा नये.

लोटणाऱ्या बलाच्या बातम्यांना 'वस्तू तरंगवण्याची जादू' म्हणणे चूक आहे. हे लोटणे द्रवात आणि अतिसूक्ष्म अंतरावरच चालते. त्याने गाड्या हवेत उडणार नाहीत. पण मोबाइलमध्ये, मोटारीच्या एअरबॅगमध्ये सूक्ष्म हलणारे भाग असतात. ते एकमेकांना चिकटले की यंत्र निकामी होते. असे भाग द्रवात ठेवून सुटे राखण्याची, घर्षण कमी करण्याची शक्यता इथे आहे. उत्पादन अजून दूर आहे, हेही तितकेच खरे.

गणितापासून मोजमापापर्यंतच ४८ वर्षे लागली; आपल्याकडे मात्र संशोधनाचे अनुदान बहुधा तीन वर्षांचे असते आणि उपयोगाचा रकाना पहिल्याच अर्जात भरावा लागतो. मूलभूत संशोधनाच्या अर्जातून तो रकाना काढून टाका आणि चांगल्या प्रश्नाला निदान दहा वर्षे पैसे द्या.