अस्थींनाही नाव हवे

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर मातृतीर्थ सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवाशांचा अंत झाला. देह ओळखण्यापलीकडे गेले. डीएनए चाचणीस लागणारा अवधी पाहता दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले. त्या प्रसंगी प्रशासनापुढे अन्य मार्ग नव्हता, हे मान्य. परंतु अंत्येष्टी हा आपल्याकडे अखेरचा संस्कार आहे. कोणत्या चितेस आपण अग्नी दिला, हे पुत्राला कळू नये, ही समाजाची उणीव होय.

डीएनएवरून ओळख पटविणे हे मूलतः संख्याशास्त्र आहे. ठरावीक जनुकीय खुणा लोकसंख्येत किती प्रमाणात आढळतात, यावरून जुळणी निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता काढली जाते. ती प्रमाणे आपल्याच समाजाच्या नमुन्यांतून काढलेली हवीत. परक्यांची कोष्टके उसनी घेऊन भागत नाही. गुन्हेगारास शिक्षा आणि निरपराधास मुक्ती, दोन्ही याच गणितावर अवलंबून असतात.

हे गणित आपल्याला परके नाही. १८९७ साली कोलकात्यात ठसे विभाग सुरू झाला, तेव्हा वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात हेमचंद्र बोस व अझिझुल हक यांचा मोठा वाटा होता.

दुर्घटनेनंतर बरोबर एका वर्षाने, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे ती सांगते. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मात्र कायद्याने तज्ज्ञ घडत नाहीत. आपल्या घरांतील बुद्धिमान मुलामुलींनी संख्याशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाकडे वळावे. तीही राष्ट्रसेवाच आहे.